लसीबद्दल जास्त माहिती असणाऱ्यांचंच बीपी जास्त निघालंय, प्रबंधात हे लिहू कसं?

निळीशाई:

नमस्कार मंडळी, इथे बरेच जण हॉस्पिटलात नाहीतर संशोधनात आहेत म्हणून विचारतेय, आधीच सांगते लांबणार आहे. मी सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करतेय. प्रबंधाचा विषय म्हणजे मोठ्या माणसांमधली लसीकरणाची जागरूकता आणि उच्च रक्तदाबाचा धोका. हे दोन विषय एकत्र का, तर घरोघरी जायचंच आहे तर एकाच फेरीत दोन्ही उरकू असं ठरलं, यामागे काही थोर कारण नाहीये, खोटं कशाला बोला.

आम्ही चौघं, दोन-दोनच्या जोड्या करून फिरलो. लसींवर पंधरा प्रश्न होते, कुठल्या लसी मोठ्यांसाठी असतात, कशासाठी असतात, दुष्परिणाम काय, असले. बरोबर उत्तराला एक मार्क. शिवाय बीपी मोजलं आणि १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं की फॉर्मवर 'हाय'. नंतर मार्कांची यादी मधोमध कापली, वरचे 'जागरूक' आणि खालचे 'कमी जागरूक'. साडेतीनशेच्या वर फॉर्म झाले, भरून भरून बोटं दुखली. मग काय-स्क्वेअर चाचणी लावली, म्हणजे दोन गटांतला फरक नुसता योगायोगाचा आहे का ते बघायची.

माझा अंदाज होता की ज्यांना लसीबद्दल माहिती आहे ते एकूणच तब्येतीला जपणारे असणार, म्हणजे त्यांचं बीपी कमी निघेल. निघालं नेमकं उलटं! जागरूक गटात हाय बीपीवाले जवळपास दुप्पट, आणि पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली, म्हणजे नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसायची शक्यता पाच टक्क्यांहून कमी. गाईडना दाखवलं तर म्हणाले आलंय ना, मग लिहा, आणि कारण काय ते चर्चेच्या प्रकरणात मांडा. आता कारण काय मांडू? माहिती जास्त म्हणून टेन्शन जास्त, टेन्शन जास्त म्हणून बीपी जास्त, असं लिहायला घेतलं होतं पण मलाच पटेना. त्यात आमच्यातला एक जण म्हणतो की लसीमुळे बीपी वाढतं हे आपण सिद्ध केलं, आणि महाशय तसा मेसेज ग्रुपवर टाकायला निघाले होते, कसाबसा थांबवला. तीन आठवड्यांनी जमा करायचंय. काहीतरी सुचवा.

भागाकार:

बरं झालं थांबवलंत त्यांना, तो मेसेज गेला असता तर तुमच्या प्रबंधापेक्षा जास्त लोकांनी वाचला असता.

ताई, कारण शोधायच्या आधी वय बघा. जागरूक गटाचं सरासरी वय किती आणि दुसऱ्याचं किती? मी पैज लावतो जागरूक गट म्हातारा निघणार. मोठ्या माणसांच्या लसी म्हणजे काय, फ्लूची, न्यूमोनियाची, नागिणीची, आणि कोविडची. या सगळ्यांची माहिती आधी वय झालेल्यांनाच दिली जाते, कोविडच्या वेळी २०२१ मध्ये बहुतेक देशांत ज्येष्ठांचा नंबर आधी लागला. पंचविशीतल्या पोराला नागिणीच्या लसीचा प्रश्न विचारलात तर तो तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. आणि बीपी वयाबरोबर चढतं हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे वय दोन्हीकडे हात घालून बसलंय आणि तुमच्या टेबलात त्याचं नावच नाही.

हे नुसतं सांगून पटत नाही म्हणून आकडे मांडतो, हे मी बनवलेले आहेत, तुमचे नाहीत. समजा ४०० माणसं, २०० तरुण, २०० वयस्कर. तरुणांमध्ये जागरूक ५०, वयस्करांमध्ये जागरूक १५०. आता समजा जागरूकतेचा आणि बीपीचा काडीचा संबंध नाही, तरुण कुठलाही असो १० टक्क्यांना बीपी, वयस्कर कुठलाही असो ४० टक्क्यांना. मोजा. जागरूक गटात ५० तरुणांमधले ५ आणि १५० वयस्करांमधले ६०, झाले ६५. कमी जागरूक गटात १५० तरुणांमधले १५ आणि ५० वयस्करांमधले २०, झाले ३५. दोन्ही गट २००-२०० चे. ६५ विरुद्ध ३५, म्हणजे जवळपास दुप्पट! आणि काय-स्क्वेअर लावलीत तर पी व्हॅल्यू अगदी झकास येईल. संबंध शून्य ठेवून मी तुमचा निकाल काढून दाखवला, बघा.

तेव्हा पहिलं काम म्हणजे वयाचे गट पाडून प्रत्येक गटात तेच टेबल परत करा. मग लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे एकाच वेळी अनेक गोष्टींचा हिशोब धरणारं गणित, त्यात वय वर्षांमध्येच घाला, गट करून नको. पंधरा मार्क पण मधोमध कापू नका, सात मार्कवाला अडाणी आणि आठवाला जागरूक हे कुठल्या न्यायाने? मार्क आहेत तसेच घाला.

आणखी एक, बाण उलटा पण असू शकतो. ज्याला बीपी आहे तो गोळ्यांसाठी सारखा डॉक्टरकडे जातो, तिथे भिंतीवर लसीचं पोस्टर, सिस्टर विचारतात फ्लूची घेतली का, आणि कोविडच्या वेळी कित्येक ठिकाणी बीपीवाल्यांना सहव्याधीच्या यादीत धरून आधी बोलावलं होतं. म्हणजे बीपीमुळे माहिती आली, माहितीमुळे बीपी नाही. एकाच दिवशी दोन्ही गोष्टी विचारल्या की आधी कोण आणि नंतर कोण हे कळायला मार्गच नसतो. त्यावरून आठवलं, शीर्षकातला 'धोका' काढा. पुढे किती जणांना नव्याने बीपी होईल त्याला धोका म्हणतात, त्यासाठी माणसांच्या मागे वर्षानुवर्षं राहावं लागतं. तुम्ही आज किती जणांचं चढलेलं आहे ते मोजलंत, ते प्रमाण झालं.

निळीशाई:

बापरे. वय घेतलंय हो, पण फक्त पहिल्या टेबलात शोभेला ठेवलंय. आज रात्री बसते. आणि ते ६५-३५ वहीत तीनदा करून पाहिलं, येतंय खरं तसंच, डोकं गरगरलं.

वॉर्डसिस्टर:

भागाकार यांनी गणित चोख सांगितलं पण मला गणिताच्या आधीचं विचारायचंय. बीपी मोजलं कसं? नोकरीतली निम्मी वर्षं माझी हातात कफ, म्हणजे बीपी मोजताना दंडाला गुंडाळतात तो पट्टा, घेऊन गेलीत म्हणून बोलतेय, राग मानू नका.

घरोघरच्या सर्व्हेत काय होतं ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. बाई हातातलं काम टाकून दाराशी येते, तिला लगेच स्टुलावर बसवतात. पाठीला टेकू नाही, पाय लोंबकळतायत नाहीतर एकावर एक टाकलेले, हात मांडीवर. बाही वर सरकवून तिची जी गुंडाळी होते ती दंडाला काचत असते आणि कफ तिच्याच खाली. दंड भरलेला आणि कफ सगळ्यांना एकच, वेलक्रो जेमतेम टोकाला चिकटलेलं, फुगवताना कर्र आवाज करत सुटतंय. यातली एकूण एक गोष्ट आकडा वर ढकलते. कफ लहान पडला की आकडा खोटा वाढतो, आतला रबरी फुगा दंडाच्या घेराच्या ८० टक्के तरी यायला हवा. हात हृदयाच्या पातळीच्या १० सेंटीमीटर खाली असला तर नुसत्या रक्ताच्या वजनानेच ७-८ मिलीमीटर जास्त दाखवतं, त्यात त्या बाईच्या तब्येतीचा काही संबंध नाही. लघवी तुंबलेली असली तरी वाढतं, आणि हे विचारायला सगळ्यांना लाज वाटते.

पद्धत अशी की पाच मिनिटं गप्प बसू द्यायचं, अर्धा तास आधीपर्यंत चहा-कॉफी, सिगारेट, धावपळ नको, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात टेबलावर, उघड्या दंडावर कफ. आणि एकदा मोजून शिक्का मारायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्व्हेच्या पद्धतीत तीनदा मोजतात आणि दुसऱ्या-तिसऱ्याची सरासरी धरतात, पहिलं सोडून देतात, कारण पहिल्यांदा माणूस बिचकलेला असतो. हे सुद्धा सर्व्हेपुरतं झालं, एखाद्याला बीपी आहे असं म्हणायचं तर वेगवेगळ्या दिवशी मोजावं लागतं.

आता माझा खरा प्रश्न. चौघं होता, दोन-दोनच्या जोड्या. एक जण कफ बांधून बीपी घेत असताना दुसरा समोर बसून लसीचे प्रश्न विचारत होता का?

निळीशाई:

सिस्टर, तुम्हाला कसं कळलं.

हो. म्हणजे आमच्या जोडीने नाही, आम्ही आधी प्रश्न विचारून मग मोजायचो, पण दुसरी जोडी वेळ वाचवायला दोन्ही एकदम करायची. दिवसाला त्यांचे फॉर्म आमच्यापेक्षा जास्त व्हायचे म्हणून आम्हाला बोलणी पण बसली होती.

वॉर्डसिस्टर:

कळतं, कारण मी पण केलंय तसं, नवीन असताना. माणूस बोलत असला की वरचा आकडा सहज १० ने चढतो. आणि आता तुमचा विषय बघा. ज्याला लसीबद्दल काही माहीत नाही तो काय करतो? 'नाही', 'नाही', 'माहीत नाही' म्हणून गप्प बसतो. ज्याला माहिती आहे तो उत्साहाने सांगत सुटतो, अमक्या लसीचे दोन डोस घेतले, ताप आला होता, शेजारणीला पण पाठवलं. कफ फुगलेला आणि तो बोलतोय! म्हणजे जितकी जागरूकता तितकी बडबड, जितकी बडबड तितकं बीपी. ज्यांचं १३४ असेल ते १४४ होऊन तुमच्या 'हाय'मध्ये बसले.

भागाकार:

सिस्टर, दंडवत! हे माझ्या स्वप्नात पण आलं नसतं. मोजण्यातली चूक सगळ्यांना सारखी असेल तर चालतं एकवेळ, पण इथे चूकच एका गटात जास्त होतेय, आणि ती कुठल्या रिग्रेशनने धुऊन निघणार नाही. ताई, फॉर्मवर कुठल्या जोडीने भरला ते लिहिलंय ना? असेल तर दोन्ही जोड्यांचं टेबल वेगवेगळं करा.

आणि अजून एक उद्योग. बीपीच्या आकड्यांचा शेवटचा अंक मोजा. हाताने पंप मारायच्या यंत्रावर दोन-दोनच्या रेघा असतात, म्हणजे शेवटी ०, २, ४, ६, ८ हे साधारण २०-२० टक्के यायला हवेत. डिजिटल असेल तर दहाही अंक साधारण १०-१० टक्के. एखाद्याच्या कागदावर १२०/८०, १३०/८०, १४०/९० अशी रांगच लागली असेल तर त्याने मोजलेलं नाही, गोल केलंय. आणि तुमची रेघ १४० वर आहे, तेव्हा १३६ ला १४० लिहिणाऱ्याने एक बीपीचा पेशंट कागदावर जन्माला घातला.

नुसतावाचक:

धाग्याचा विषय मला निम्माच कळतोय पण एक विचारू का, रागावू नका. माझ्या आईला बीपी आहे, गोळी चालू आहे. तिने फ्लूची लस घ्यावी की नाही यावर घरात दोन पक्ष पडलेत. काका म्हणतात लसीने बीपी वाढतं, मागे लसीच्या रांगेत त्यांचं १७० निघालं होतं. खरं काय?

वॉर्डसिस्टर:

कशाला रागावू. काकांचं १७० लस टोचायच्या आधी निघालं होतं की नंतर ते विचारा आधी! रांगेत उभं राहून, सुईकडे बघून कितीतरी जणांचं चढतं, तो भीतीचा आकडा असतो. उलट काही जणांचं सुई बघून एकदम खाली येतं आणि ते भोवळ येऊन पडतात, म्हणून तर लसीनंतर १५ मिनिटं बसवून ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेने या सगळ्याला नाव पण दिलंय, त्याचा अर्थ एवढाच की ही टोचण्याच्या ताणाची प्रतिक्रिया, लसीतल्या औषधाची नव्हे.

बीपी आहे आणि गोळीवर आहे हे काही लस टाळायचं कारण नाही. उलटंच आहे. २०१८ मध्ये कॅनडातला एक अभ्यास आला होता, त्यात फ्लू झाल्याचं लॅबमध्ये पक्कं झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट सापडलं. म्हणून हृदयाचा आजार असणाऱ्यांना दरवर्षी फ्लूची लस घ्यायला सांगतात. आईंना आधी कुठल्या लसीची जोरदार अ‍ॅलर्जी आली होती का, आत्ता ताप आहे का, हे डॉक्टरांना सांगा आणि त्यांनाच विचारून घ्या, इथल्या कुणाच्या भरवशावर नको, माझ्यासुद्धा. आणि लस घ्यायची म्हणून त्या दिवशीची बीपीची गोळी बंद करू नका, हे लोक का करतात मला आजतागायत कळलेलं नाही.

नुसतावाचक:

टोचायच्या आधीच निघालं होतं म्हणे. काका आता वेगळ्या विषयावर बोलतायत. धन्यवाद सिस्टर.

तळटीप:

उशिरा येतोय. मी लसीच्या बाजूच्या सर्व्हेंमध्ये काम केलंय त्यामुळे बीपीचं सिस्टरांवर सोडतो आणि प्रश्नावलीबद्दल बोलतो.

'जागरूकता' हा एकच शब्द तुम्ही दोन्हीकडे वापरणार असाल तर आत्ताच सावध व्हा. लसीच्या अभ्यासात अवेअरनेस म्हणजे माहिती. बीपीच्या अभ्यासात अवेअरनेसचा अर्थ अगदी वेगळा आहे, ज्यांचं बीपी वाढलेलं आहे त्यांच्यापैकी किती जणांना आपल्याला बीपी आहे हे आधीपासून माहीत होतं, बस. मिठाबद्दल किती माहिती, व्यायामाबद्दल किती, याचा त्यात संबंध नाही. जगात २०१९ साली ३० ते ७९ वयातल्या साधारण १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब असल्याचा अंदाज होता आणि त्यातल्या ४० टक्क्यांहून जास्त लोकांना त्याचा पत्ताच नव्हता, तो 'अवेअरनेस' हा. जुन्या पुस्तकात अर्ध्याचा नियम म्हणून शिकवायचे, बीपीवाल्यांपैकी अर्ध्यांना माहीत, त्यातल्या अर्ध्यांना उपचार, त्यातल्या अर्ध्यांचं आटोक्यात. म्हणजे शंभरातल्या साडेबारांचंच. तुम्ही फॉर्ममध्ये 'डॉक्टरांनी कधी बीपी आहे असं सांगितलंय का' आणि 'गोळी चालू आहे का' हे विचारलंय का? कारण गोळी चालू असलेल्या माणसाचं १२८ निघालं आणि तुम्ही त्याला 'नॉर्मल' लिहिलंत, तर तो चुकून पलीकडच्या पारड्यात गेला. १४०/९० किंवा जास्त, किंवा गोळी चालू, असं दोन्ही मिळून धरायचं असतं.

आता ते पंधरा प्रश्न. तुम्ही टाकले नाहीत म्हणून अंदाजाने बोलतो. 'लसीकरण महत्त्वाचं आहे असं तुम्हाला वाटतं का' असा एखादा असेलच. दारात गळ्यात ओळखपत्र घालून आलेल्या माणसाला याचं उत्तर 'नाही' असं कोण देईल? तो प्रश्न माहितीचा नाही, सभ्यतेचा आहे. आणि 'होय/नाही' एवढेच पर्याय असतील तर ज्याला माहीत नाही तो होयवर बोट ठेवतो, कारण होय म्हटलं की लोक लवकर जातात. निम्मी विधानं मुद्दाम चुकीची घालायची आणि 'माहीत नाही' हा तिसरा पर्याय ठेवायचा, मग कळतं कोण खरंच जाणतो ते. 'लस घेतली का' यावर पण नुसतं तोंडी उत्तर घेऊ नका, कार्ड किंवा सर्टिफिकेट बघा, आणि ते बघितलं की नाही याचा वेगळा रकाना ठेवा. लोक खोटं बोलतात असं नाही, विसरतात, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आणि फ्लूचं इंजेक्शन यात गल्लत तर मी स्वतः करतो.

अजून एक गोष्ट मला दरवेळी खटकते. माहिती वाढवली की लोक लस घेतील असं धरूनच आपण सर्व्हे बांधतो. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने लसीबद्दलची लोकांची का-कू तीन गोष्टींत मांडली होती, विश्वास, बेफिकिरी आणि सोय. यात 'माहिती' हा शब्द नाही बघा. सरकारवर किंवा डॉक्टरवर विश्वास नाही, किंवा मला कुठे काय होतंय असं वाटतं, किंवा जायला वेळच नाही, केंद्र कामाच्या वेळेतच उघडं असतं. तिसरं कारण तर कोणी मोजतच नाही, कारण त्यात लोकांचा नाही आपला दोष निघतो! २०१९ ला याच का-कूला जगाच्या आरोग्यापुढच्या दहा मोठ्या धोक्यांत घातलं, तेव्हापासून सगळ्यांचे प्रबंध 'जागरूकता' वर. तुमच्याकडे न घेण्याचं कारण विचारणारा उघडा प्रश्न असेल तर सोनं आहे ते, त्याच्यावरच एक प्रकरण होईल.

बाकी तुमचे दोन विषय अगदीच ओढूनताणून नाहीत हां. बेफिकिरी दोन्हीकडे तीच आहे. बीपी दुखत नाही आणि न झालेला आजार दिसत नाही, मग गोळी कशाला आणि लस कशाला.

निळीशाई:

तळटीप, तो 'महत्त्वाचं वाटतं का' प्रश्न पहिलाच आहे. आणि साडेतीनशेपैकी 'नाही' म्हणणारे किती ते मोजून इथे सांगायची हिंमत नाही. गोळीचा प्रश्न आहे सुदैवाने. उघडा प्रश्न पण आहे पण उत्तरं मी अजून वाचलीच नाहीयेत, वाचून त्यांचे गट पाडायचा कंटाळा.

वय पाडून बघितलं. भागाकार, तुम्ही पैज जिंकलात. साठीच्या पुढच्या गटात फरक जवळपास गेलाच. चाळिशीच्या खाली थोडा उरतोय पण तिथे हाय बीपीवाले इतके कमी आहेत की एक-दोन माणसं इकडची तिकडे झाली तरी चित्र पालटतं, तेव्हा त्यावर काही बोलण्यात अर्थ नाही. आणि शेवटच्या अंकांचं विचारू नका. एका सहकाऱ्याच्या कागदांवर शून्य, शून्य, शून्य. पानंच्या पानं. मधे एकच १३७/८३ आहे, ते पण वाटतं पेशंटने स्वतः वाचून सांगितलं असणार.

माझ्या डोक्यात आलं की हाय निघालेल्या लोकांकडेच परत जाऊ, जाताना मीठ-व्यायाम-गोळी याबद्दल नीट समजावू, आणि महिन्याने परत मोजू. म्हणजे निदान आमच्या समजावण्याने किती उतरलं ते तरी दाखवता येईल, प्रबंधाला जरा वजन येईल?

भागाकार:

जाऊ नका! म्हणजे जा, पण त्या कारणाने नको. हाय निघालेल्यांनाच निवडून परत मोजलंत तर तुम्ही काहीही न करता बीपी उतरलेलं दिसेल. त्या दिवशी ज्यांचा आकडा योगायोगाने चढलेला होता तेच तर तुम्ही वेचून घेतलेत, पुढच्या वेळी ते आपल्या नेहमीच्या जागेवर येणार. फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८६ मध्येच उंच आईबापांच्या मुलांच्या उंचीवरून हे दाखवलंय. आणि तुमच्याकडे तर बडबडीने चढलेले पण आहेत, ते गप्प बसवून मोजले की आपोआप उतरतील. श्रेय तुमच्या समजावण्याला जाईल आणि ते खोटं असेल. समजावण्याचा परिणाम बघायचा तर ज्यांना समजावलं नाही असाही गट हवा, चिठ्ठ्या टाकून वाटलेला, आणि ते तीन आठवड्यांत होत नाही.

हाय आणि नॉर्मल दोन्हींतून चिठ्ठ्या टाकून चाळीस-पन्नास जण निवडा आणि सिस्टरांच्या पद्धतीने तीनदा मोजा. पहिल्या फेरीचं मोजमाप किती भरकटलं होतं हे कळेल, तेवढं प्रबंधात अभ्यासाच्या मर्यादा सांगता तिथे प्रामाणिकपणे लिहा. परीक्षकांना ते माहिती-टेन्शन-बीपीपेक्षा शंभरपट आवडेल. न आवडलं तर माझं नाव सांगा, म्हणजे भागाकार.

वॉर्डसिस्टर:

परत जायला एक कारण आहे पण, आणि ते प्रबंधाच्या आधी येतं. ज्यांचं हाय निघालं त्यांना तुम्ही काय सांगून आलात? आकडा लिहून दिला की नुसता फॉर्मवर 'हाय' लिहून पुढच्या घरी? कुणाचं १८०/१२० च्या घरात होतं का? तेवढं असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, नजर अंधुक होणं, एका बाजूची ताकद जाणं असलं काही असेल तर तडक दवाखान्यात न्यायचं असतं. तसलं काही नसेल तरी थोडं बसवून परत मोजायचं आणि लवकरात लवकर डॉक्टर गाठायला सांगायचं. आधीच ठरवून ठेवायचं असतं कितीच्या वर गेलं की काय करायचं, चिठ्ठी कुणाच्या नावाने. एथिक्सच्या, म्हणजे अभ्यासाला परवानगी मागायच्या अर्जात लिहिलं असेलच तुम्ही, बघा काय लिहिलंय.

निळीशाई:

लिहिलंय सिस्टर. 'सहभागींना योग्य तो सल्ला देण्यात येईल' असं लिहिलंय. म्हणजे कुणी काय द्यायचा ते नाही लिहिलं.

आत्ता फॉर्म चाळले. १८० किंवा त्याच्या वर तिघं आहेत. त्यातले दोघं गोळीवर आहेत आणि एक बाई, वय एकावन्न, तिने डॉक्टरांनी कधी सांगितलं का यावर 'नाही' म्हटलंय. तिचे लसीचे मार्क पंधरापैकी चौदा आहेत. दुसऱ्या जोडीचा फॉर्म आहे. आकडा १८०/१०० असा गोल आहे, त्यामुळे खरा किती देव जाणे, पण म्हणून काय झालं. उद्या सकाळी पहिली तिच्याकडेच जातेय, बाकीचं नंतर. मोठा कफ पण मागायचाय, तो आमच्या कपाटात आहे म्हणे पहिल्यापासून, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, आणि चावी ज्यांच्याकडे आहे ते सोमवारपर्यंत रजेवर.

वॉर्डसिस्टर:

कफसाठी थांबू नका, जवळच्या कुठल्या दवाखान्यातून तासाभरासाठी मागून घ्या, सिस्टर मंडळी देतात, फक्त परत द्या. आणि तिला आधी पाच मिनिटं गप्प बसवा. चौदा मार्कवाली आहे, जड जाईल.